बोटभर स्टिअरिंग, हातभर गिरकी

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला बॅटरीवर चालणारी १:१० मापाची रिमोट कार घेतली. (खरं सांगायचं तर चालवतो मीच जास्त.) सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळू चालवली की ती छान वळते. मैदानावर वेगात सोडली की मात्र स्टिअरिंगला बोट लागायचा अवकाश, गाडी गिरकी खाते. दुकानदार म्हणाला, "ड्युअल रेट कमी करा." मित्र म्हणाला, "एक्स्पो लावा." दोन्ही वेगवेगळं करून पाहिलं, मला तर दोन्हींत काही फरकच जाणवला नाही. शिवाय गाडी डावीकडे ओढते. ट्रिम देऊन सरळ केली तरी थोड्या वेळानं पुन्हा तेच. ही बटणं नेमकी कशासाठी असतात आणि कोणतं आधी फिरवायचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न एक दिसतो, पण आत चार आहेत. गाडी हळू असताना शहाणी आणि वेगात वेडी का होते? ड्युअल रेट आणि एक्स्पो एकच आहेत का? ट्रिम टिकत का नाही? आणि या सगळ्याचा क्रम काय? दुकानदार आणि मित्र या दोघांनीही तुम्हाला चुकीचं काही सांगितलेलं नाही. फक्त दोघांनी अर्धं अर्धं सांगितलं आणि कारण कोणीच सांगितलं नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. रिमोटवरचं कोणतंही बटण गाडीची जमिनीवरची पकड वाढवत नाही. पकड येते टायरच्या रबरातून, जमिनीच्या पोतातून, वजनाच्या वाटणीतून आणि स्प्रिंग-शॉकमधून. तुमचं बोट किती हललं म्हणजे चाकांनी किती हलायचं, एवढाच हिशेब रिमोटच्या हातात असतो. म्हणून रिमोटमधून गाडी सुधारते म्हणण्यापेक्षा आपला हात आणि गाडी यांच्यातला करार सुधारतो, असं म्हणणं जास्त खरं.

हा करार प्रत्यक्षात एका आकड्याचा असतो. गाडीची पुढची चाकं फिरवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. तिला रिसीव्हरकडून विजेचे छोटे ठोके मिळतात. नेहमीच्या साध्या सर्व्होला सेकंदाला साधारण ५० वेळा. ठोका दीड मिलिसेकंद टिकला की सर्व्हो मध्यावर राहतो. तो एक मिलिसेकंदाकडे आखूड होत गेला की सर्व्हो एका बाजूला फिरतो आणि दोनकडे लांबत गेला की दुसऱ्या बाजूला. स्टिअरिंगची झाडून सगळी बटणं या ठोक्याची लांबीच बदलतात. ट्रिम त्याचा मध्य सरकवते, एंड पॉइंट त्याची टोकं ठरवतो, ड्युअल रेट त्याचा आवाका आक्रसतो आणि एक्स्पो मधल्या वाटेला बाक देतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता पहिला प्रश्न. वेगात गिरकी का बसते?

१:१० मापाच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २६ सेंटिमीटर असतं. ती ताशी ४० किलोमीटरनं धावते तेव्हा सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे स्वतःच्या चाकांमधल्या अंतराच्या चाळीसपटीहूनही जास्त. रस्त्यावरच्या खऱ्या मोटारीत हे अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं. तीच ४० च्या वेगानं निघाली तर सेकंदाला स्वतःच्या अशा जेमतेम साडेचार 'लांब्या' जाते. त्यामुळे वेग तोच आणि चाकं तेवढीच वळवलेली असली, तर तुमची छोटी गाडी दिशा बदलते खऱ्या मोटारीच्या जवळजवळ दहापट झपाट्यानं. म्हणजे हळू गाडीसाठी जुळवलेलं स्टिअरिंग वेगात तिखट लागणारच.

थोडी आकडेमोड करून पाहा. समजा टायरची पकड अशी आहे, की गाडी वळताना तिच्या वजनाएवढा आडवा जोर ते जेमतेम सोसतील. ताशी १० किलोमीटर वेगाला ही गाडी पाऊण मीटरहून किंचित मोठ्या त्रिज्येत वळू शकते आणि त्यासाठी पुढची चाकं साधारण १८ अंश वळवावी लागतात. ताशी ४० ला त्याच पकडीत सर्वात लहान त्रिज्या होते साडेबारा मीटर. तिथे चाकं किती वळवायची? टायर थोडेफार घसरतात ते सोडून दिलं, तर जेमतेम सव्वा अंश! वेग चौपट झाला की लागणारी त्रिज्या सोळापट होते, कारण आडवा जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो. स्कूटर पार्किंगमधून काढताना तुम्ही हँडल खटकन पूर्ण फिरवता, पण महामार्गावर तेच हँडल हलल्याचं शेजारच्यालाही दिसत नाही. इथे तेच चाललं आहे.

तुमच्या गाडीची पुढची चाकं पूर्ण वळवल्यावर समजा २५ अंश वळतात. मग ४० च्या वेगाला हवे असलेले सव्वा अंश म्हणजे एकूण वळणाचे पाच टक्के. रिमोटचं चाक एका बाजूला ३५ अंश फिरतं असं धरलं, तर बोटांनी पावणेदोन अंशांत काम भागवायचं! घड्याळजी असाल तर जमेल. बाकीच्यांचं बोट त्याहून जास्त हलतं, टायर पकड सोडतात आणि गाडी फिरते. थोडक्यात, गाडीत दोष नाही आणि हातातही नाही. हात आणि चाकं यांच्यातला हिशेब एकाच वेगासाठी मांडलेला आहे, आणि तुम्ही गाडी दोन वेगांना चालवता.

आता दुकानदार आणि मित्राकडे वळू.

ड्युअल रेट कमी करणं म्हणजे सगळ्या हालचाली एकाच प्रमाणात लहान करणं. तो ७० टक्क्यांवर आणला, की रिमोटचं चाक अर्धं फिरवल्यावर सर्व्हो ५० ऐवजी ३५ टक्के फिरतो आणि पूर्ण फिरवल्यावर १०० ऐवजी ७० टक्के. बोटाला जागा जास्त मिळते, पण टोकाचं वळण गमावून.

एक्स्पो टोकाला हात लावत नाही. रिमोटचं चाक पूर्ण फिरवलं की सर्व्होही पूर्ण फिरतो. मध्याजवळची प्रतिक्रिया मात्र मऊ होते. एक प्रचलित सूत्र धरून ४० टक्के एक्स्पो लावला, तर पाव फिरवल्यावर सर्व्हो सुमारे १६ टक्के फिरतो, अर्धं फिरवल्यावर ३५ टक्के, पाऊण फिरवल्यावर ६२ टक्के आणि पूर्ण फिरवल्यावर १०० टक्के.

तुम्हाला फरक का जाणवला नाही, त्याचं उत्तर या आकड्यांतच आहे. ७० टक्के ड्युअल रेट घ्या किंवा ४० टक्के एक्स्पो घ्या, अर्ध्या वळणाला दोन्हींचं उत्तर ३५ टक्केच येतं. पाव वळणालाही साडेसतरा आणि सोळा, म्हणजे बोटाला सारखंच. मोकळ्या मैदानावर वेगात चालवताना तुमचं बोट अर्ध्याच्या पलीकडे क्वचितच गेलं असेल. पहिल्या अर्ध्यात हे दोघं जुळे भाऊच आहेत. ओळखायचे असतील तर गाडी हळू करून पूर्ण वळण द्या. एक्स्पोवाली गाडी पूर्वीइतक्याच लहान गोलात वळेल आणि ड्युअल रेटवाली मोठा गोल घेईल.

मग निवडायचं काय? गाडी हळू असताना पूर्ण वळण हवंच असेल, म्हणजे पार्किंगमध्ये किंवा अरुंद वळणांच्या ट्रॅकवर, तर आधी एक्स्पो. मोकळ्या मैदानात मोठाल्या वळणांनीच चालवायची असेल, किंवा रिमोट लहान मुलाच्या हातात जाणार असेल, तर ड्युअल रेट. कारण घाबरल्यावर मूल चाक पूर्ण पिळतं आणि तिथे एक्स्पोचा काहीच उपयोग नसतो. दोन्ही थोडे थोडे लावायलाही हरकत नाही. एक्स्पो फुकट मिळतो असं मात्र समजू नका. मध्याजवळ काढून घेतलेली धार तो टोकाला परत देतो. वरच्या उदाहरणात शेवटच्या पाव वळणात सर्व्हो ६२ वरून थेट १०० वर जातो. म्हणून खूप एक्स्पो लावलेली गाडी आधी आळशी वाटते आणि मग एकदम वळते. २० टक्क्यांपासून सुरुवात करून पाच-पाचनं वाढवा.

इथेच एक उलटा वाटणारा मुद्दा. "गाडी पुरेशी वळत नाही, म्हणून स्टिअरिंग वाढवतो," असं पुष्कळ जण करतात. पण टायर जमिनीला ज्या कोनात सर्वाधिक आडवा जोर देतो, त्याच्या पुढे चाक वळवलं तर जोर वाढत नाही, टायर नुसता घासत जातो. मग पुढची चाकं वळलेली आणि गाडी सरळ चाललेली, असं दृश्य दिसतं. शर्यतवाले याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी ड्युअल रेट वाढवण्याऐवजी कमी केला, की गाडी जास्त चांगली वळल्याचा अनुभव येतो. यात जादू काही नाही. पुढच्या टायरला त्याची पकड परत मिळाली, इतकंच.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. ट्रिम हा उपाय आहे, निदान नव्हे. आधी गाडी कधी ओढते ते पाहा.

पहिली तपासणी जमिनीची. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. आपण डाव्या बाजूनं गाडी सोडली की ती डावीकडे उतरणारच! तोच पट्टा उलट्या दिशेनं चालवून बघा. गाडी आता स्वतःच्या उजवीकडे जाऊ लागली, तर दोष जमिनीचा. दोन्ही वेळा स्वतःच्या डावीकडेच गेली, तर दोष गाडीत.

दुसरी तपासणी ट्रिगरची. वेग घेऊन ट्रिगर सोडा आणि गाडी आपल्या आपण पळू द्या. तेव्हा सरळ जाते आणि ट्रिगर दाबल्यावरच ओढते का? मग कारण मोटरचा जोर चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागांत, दोन बाजूंच्या टायरांतल्या फरकात किंवा पीळ पडलेल्या चॅसिसमध्ये आहे. त्याला ट्रिम दिली तर ट्रिगर दाबल्यावर गाडी सरळ आणि सोडल्यावर उजवीकडे जाईल. फक्त ब्रेकवर ओढत असेल, तरी कारण तिकडेच. जोर असो वा नसो, सतत सारखीच ओढत असेल, तरच ते ट्रिमचं काम. त्याआधी चाकं हातानं फिरवून एखादं बेअरिंग जड तर नाही ना, हेही पाहून घ्या.

तिसरी तपासणी तुमच्या 'पुन्हा तेच'ची. गाडी उंच ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या, रिमोट आणि गाडी चालू करा. पुढचं चाक हातानं हलकेच डावीकडे ढकला आणि सोडा, मध्य पाहा. मग उजवीकडे ढकला आणि सोडा. दोन्ही वेळा मध्य वेगळा आला, तर स्टिअरिंगच्या जोडांत ढिलाई आहे. बऱ्याच गाड्यांत सर्व्होला धक्का लागू नये म्हणून सर्व्हो सेव्हर नावाचा स्प्रिंगचा भाग असतो. त्याची स्प्रिंग थकली की प्रत्येक धडकेनंतर चाकं नव्या मध्यावर बसतात. मध्यच फिरता असेल, तर ट्रिम कितीदा द्यायची? तुमच्या पत्रातल्या लक्षणांवरून माझा संशय इथेच जातो. स्क्रू आवळा, टाय रॉड वाकला आहे का पाहा, सर्व्हो सेव्हर घट्ट करा किंवा बदला.

ट्रिमचा एक सख्खा भाऊ आहे, सब-ट्रिम. सर्व्होच्या दांड्याला बारीक दाते असतात आणि त्यांवर हॉर्न नावाची पट्टी बसते. फुटाबाच्या सर्व्होला २५ दाते असतात, हायटेकच्या अनेक सर्व्होंना २४, सान्वा आणि केओ प्रोपोच्या सर्व्होंना २३. २५ दाते म्हणजे दर दात्याला १४.४ अंश. त्यामुळे हॉर्न कितीही नीट बसवला, तरी तो सात अंशांपर्यंत तिरका राहू शकतो. त्याहून बारीक जागा दात्यांवर नसतेच. तेवढा तिरपेपणा सब-ट्रिमनं काढायचा, एकदाच, गाडी जुळवताना. चालवताना वापरायची ट्रिम त्यासाठी शून्यावर मोकळी ठेवायची. हॉर्न एक दाता चुकीचा बसला असेल, तर तो सब-ट्रिमनं लपवू नका. तसं केलं की सर्व्होचा एका बाजूचा प्रवास संपत येतो आणि गाडी डावीकडे भरपूर, उजवीकडे कंजुषीनं वळते.

आणखी एक बटण लोक विसरतात आणि सर्व्हो जाळतात. ते म्हणजे एंड पॉइंट. रिमोटवर बहुधा 'ईपीए' लिहिलेलं असतं. पुढची चाकं यांत्रिकदृष्ट्या जिथे अडतात, त्याच्याही पलीकडे जायला सर्व्होला सांगितलं, तर तो जागेवर अडकून जोर लावत राहतो. गुणगुणल्यासारखा आवाज येतो, वीज भरमसाट ओढली जाते, सर्व्हो तापतो आणि शेवटी गिअर किंवा मोटर जाते. म्हणून चाक पूर्ण वळवून, आवाज ऐकत, ईपीए हळूहळू कमी करा. गुणगुण थांबली आणि चाकं पूर्ण वळलेली राहिली की ती खरी मर्यादा. डावीकडची आणि उजवीकडची वेगळी ठरवा. मग मैदानावर हळू वेगात पूर्ण वळण देऊन दोन्ही बाजूंचे गोल काढा. एक मोठा, एक लहान आला, तर लहान गोलाच्या बाजूचा आकडा उतरवा. दुसऱ्या बाजूचा चढवून सर्व्हो पुन्हा गुणगुणत ठेवू नका.

स्टिअरिंग झालं, पण गिरकीचा आरोपी कधी कधी दुसऱ्याच बोटावर असतो. वळणात भीती वाटली की माणूस ट्रिगर सोडतो. ट्रिगर सोडला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागचे टायर हलके होतात. मोटरचा वेग आवरणारा स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, ट्रिगर सोडताच थोडा ब्रेक लावतो, अशी सोय अनेक गाड्यांत असते. तिला ड्रॅग ब्रेक म्हणतात. मागच्याच चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हा ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. आधीच हलके झालेले टायर त्यानं अडतात, अडलेला टायर आडवी पकड सोडतो आणि शेपूट पुढे येतं. खात्री करायची असेल तर वळणात ट्रिगर एकाच जागी धरून ठेवा. तेव्हा गाडी फिरली नाही आणि सोडल्यावरच फिरली, तर स्टिअरिंगला दोष देऊ नका. ड्रॅग ब्रेक कमी करा. रिमोटवर ब्रेकचा एंड पॉइंट वेगळा मिळत असेल तर तो ६०-७० टक्क्यांवर आणा आणि गाडी मागून फिरायची थांबेपर्यंत उतरवत जा.

मातीवर किंवा बारीक रेतीवर निघतानाच मागची चाकं फिरून गाडी आडवी होत असेल, तर थ्रॉटललाही एक्स्पो लावता येतो. सुरुवातीचा जोर हळू येतो, पूर्ण ट्रिगरचा वेग तोच राहतो. मुलांसाठी सर्वोच्च वेगच कमी करायचा असेल तर थ्रॉटलचा एंड पॉइंट कमी करा. हे करण्याआधी ईएससीला रिमोटचा मध्य, पूर्ण जोर आणि पूर्ण ब्रेक एकदा शिकवून घ्या. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. तेव्हा थ्रॉटलची ट्रिम शून्यावर आणि एंड पॉइंट १०० वर असायला हवेत. नाहीतर कमी केलेलाच ट्रिगर ईएससी पूर्ण समजतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

आता क्रम. प्रत्येक बटण आधीच्या बटणाच्या खांद्यावर उभं असतं. ड्युअल रेटचे ७० टक्के हे एंड पॉइंटनं ठरवलेल्या वळणाचे ७० टक्के असतात. एंड पॉइंट मध्यापासून मोजला जातो आणि मध्य सब-ट्रिम ठरवते. खालचं हललं की वरचं सगळं हलतं. म्हणून :

१. गाडीची यांत्रिक तपासणी : स्क्रू, टाय रॉड, बेअरिंग, टायर, सर्व्हो सेव्हर.
२. रिमोट मूळ स्थितीत : ट्रिम आणि एक्स्पो शून्य, ड्युअल रेट आणि एंड पॉइंट १०० टक्के. चाकं उलटी वळत असतील तर रिव्हर्स बटण.
३. हॉर्न जमेल तितका सरळ बसवून उरलेलं सब-ट्रिमनं.
४. दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट.
५. ईएससीचं कॅलिब्रेशन.
६. मैदानावर जाऊन ट्रिम.
७. एक्स्पो किंवा ड्युअल रेट.
८. शेवटी ब्रेक आणि थ्रॉटल.

एका वेळी एकच बटण बदला आणि बदललं की वहीत आकडा लिहा. दोन बटणं एकदम फिरवली आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाला द्यायचं? बिघडली तर शिव्या कोणाला? रिमोटमध्ये मॉडेल मेमरी असेल तर मातीसाठी एक आणि पार्किंगच्या फरशीसाठी एक, असे दोन वेगळे संच जपून ठेवा. पकड बदलली की सव्वा अंशाचा हिशेबही बदलतो. तोच आकडा सगळीकडे चालणार नाही.

याच विषयावरच्या आणखी तीन छोट्या शंका.

प्रश्न : मी एक्स्पो ३० केला आणि गाडी आणखीच चवताळली. असं कसं?

उत्तर : चिन्ह उलटं पडलं. फुटाबाच्या रिमोटमध्ये मध्याजवळ मऊपणा हवा असेल तर एक्स्पो उणे करायचा असतो, स्पेक्ट्रममध्ये अधिक. म्हणजे एकाचा मित्र दुसऱ्याला सल्ला देतो तेव्हा दोघं अगदी विरुद्ध बोलत असतात. पुस्तिका सापडत नसेल तर गाडी ठोकळ्यावर ठेवा, एक्स्पो ५० करा आणि रिमोटचं चाक थोडंसं फिरवा. पुढची चाकं पूर्वीपेक्षा कमी हलली तर तुमच्या रिमोटचं चिन्ह बरोबर. जास्त हलली तर उलटं.

प्रश्न : महाग रिमोट घेतला तर गाडी जास्त चांगली चालेल का?

उत्तर : वेगवान होणार नाही, बोट आणि चाक यांमधला उशीर थोडा कमी होईल, बटणं वाढतील आणि अनेक गाड्यांच्या नोंदी साठवता येतील. रिमोटमधली खरी मोठी सुधारणा स्वस्त संचांपर्यंत केव्हाच पोचली आहे. पूर्वी २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या रिमोटांत ठरावीक क्रिस्टल बसवावा लागे आणि एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या शेजारी आल्या की कोण कोणाची गाडी चालवतंय हेच कळत नसे. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपल्या रिसीव्हरशी जोडी बांधतात आणि दुसऱ्याचं ऐकत नाहीत. साध्या रिमोटवर ट्रिम आणि ड्युअल रेट एवढंच असलं, तरी शिकायला ते पुरेसं आहे. आधी गाडीचे टायर चांगले घ्या. फिरणारी शेपटी सावरायला जायरोही मिळतो आणि ड्रिफ्टच्या गाड्यांत तो सर्रास वापरतात, पण बऱ्याच शर्यतींच्या नियमांत त्याला मनाई असते.

प्रश्न : सिग्नल तुटला तर गाडी कुठे जाईल?

उत्तर : तुम्ही सांगितलं असेल तिथे, काही सांगितलं नसेल, तर ते रिसीव्हरच्या मर्जीवर! फेलसेफ नावाची सोय याचसाठी असते. सिग्नल गेला की थ्रॉटल मध्यावर किंवा हलक्या ब्रेकवर यावा, असं त्यात ठरवून ठेवा. मग गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकं थोडी फिरती ठेवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली तर काम झालं. फिरतच राहिली तर आधी गाडीची वीज तोडा, फेलसेफ पुन्हा लावा आणि पुन्हा तपासा. ही एकच चाचणी अशी आहे, जिच्यासाठी रिमोट मुद्दाम आधी बंद करायचा. एरवी रिमोट आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. ४० च्या वेगानं सुटलेली दीड-दोन किलोची गाडी कोणाच्याही घोट्याला खेळणं वाटत नाही, त्यामुळे बाकी बटणं राहिली तरी चालतील, हे आधी लावा.